पालीचा दाखला आणि आमचा दाखला



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पाच-सहा जण वांद्र्याला गेलो होतो. एका सरकारी कचेरीत आमच्यातल्या दोघांच्या कागदांची तपासणी होती. आमच्याबरोबर पाड्यातला एक म्हातारा होता. त्याचं वय त्याला माहीत नाही, पण तबेले बांधले तेव्हा तो गुरं राखायचा, एवढं त्याला नीट आठवतं. चार तास बाकड्यावर बसल्यावर आत बोलावलं. साहेबांनी कागद उलटसुलट केले आणि म्हाताऱ्याला विचारलं, “मूळचे कुठले तुम्ही?”

म्हातारा बोलला, “इथलंच.”

“इथले म्हणजे कुठले? डहाणूचे, तलासरीचे, जव्हारचे? मुंबईत कधी आलात?”

म्हातारा बोलला, “आमी कुठून येणार साहेब? मुंबय आली आमच्यात.”

साहेब हसले. हसून त्यांनी कागदावर लिहिलं, पुरावा अपुरा. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर, ट्यूबलाईटजवळ एक पाल बसली होती. मोठी, पिवळट, किडे खाऊन गलेलठ्ठ झालेली. तिला कुणी विचारलं नाही, बाई तू मूळची कुठली?

परत येताना गाडीत आमच्यातल्या एका पोराने हाच विषय काढला. तो बोलला, “त्या पालीचं बरं हाय. तिला दाखला नाय लागत.” आम्ही सगळे हसलो. पण नंतर विचार केला तेव्हा कळलं की हे खरं नाही. पालीलासुद्धा दाखला लागतो. तिची जात कुठली, गाव कुठलं, ती इथली की बाहेरून आलेली, हे सगळं कागदावर लागतं. कागद नसला तर तिच्या रानावर बुलडोझर घालताना कुणाचा हात अडत नाही. म्हणून या अंकात आम्ही पालीवर लिहितोय. आपल्या बारक्या पत्रिकेत पाल कशाला, असं कुणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

कोल्लेगालची म्हणून नोंदलेली आरेची पाल

आपल्या घरात फिरते ती भिंतीवरची पाल सगळ्यांच्या ओळखीची आहे. पण रानात आणखी एक बारकी पाल असते. बोटभर लांब, तपकिरी, अंगावर काळपट ठिपके. दिवसा ती दगडाखाली, पालापाचोळ्यात लपते आणि रात्री, खास करून पावसात, जमिनीवर फिरते. तिच्या बोटांना घरातल्या पालीसारख्या चिकटणाऱ्या पट्ट्या नसतात, त्यामुळे ती गुळगुळीत भिंत चढू शकत नाही. तिचा संसार सगळा भुईवर. शास्त्रातलं नाव लांबलचक आहे, म्हणून आम्ही इथे तिला भुईपाल म्हणतो.

आरेच्या रानात ही भुईपाल आहे. आपल्या पोरांनी ती लहानपणापासून बघितलेली आहे. पण कागदावर ती कोण होती? १८७० साली बेडम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिणेत, कर्नाटकातल्या कोल्लेगालकडच्या अशाच एका पालीची नोंद केली आणि तिला त्या गावाचं नाव दिलं. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं आपल्याकडची भुईपालसुद्धा त्याच नावाखाली लिहिली गेली. म्हणजे राहायला आरेत, जन्म आरेत, मरण आरेत, आणि कागदावर गाव कोल्लेगाल!

२०१६ साली अभ्यासकांनी अंगावरचे खवले मोजले, रक्ताचं नातं तपासलं आणि लिहिलं की पश्चिम भारतातली ही भुईपाल कोल्लेगालची नाही, ती वेगळी जात आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम केलेले पालींचे अभ्यासक वरद गिरी, त्यांच्यावरून तिचं नाव ठेवलं. चांगली गोष्ट झाली. पण हे नीट ध्यानात घ्या, की २०१६ साली पाल बदलली नाही. तिने गाव सोडलं नाही की नवीन गाव धरलं नाही. ती होती तिथेच होती, होती तशीच होती. बदलला तो फक्त कागद.

याच आरेतला एक विंचूही असाच. २०१० साली त्याची नोंद झाली आणि त्याच्या शास्त्रीय नावातच आरे घातलं. २०१० च्या आधी तो काय आरेत नव्हता? तो होता, दगडाखाली होता, आणि आपल्या माणसांना चावतही होता. फक्त वहीत नव्हता.

भिंतीवरची पाल कुठली?

आता त्या कचेरीतल्या भिंतीवरच्या पालीकडे या. उत्तर हिंदुस्थानापासून मुंबईपर्यंत घराघरांत दिसणारी ही पिवळट पाल. तिची पहिली शास्त्रीय नोंद कुठे झाली, ठाऊक आहे? १८३५ साली, तांबड्या समुद्राकाठच्या मसावा बंदरात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर! रूपेल नावाच्या जर्मन माणसाने ती तिथे पकडली आणि लिहिली. आता कुणी कागदी माणूस म्हणेल, पहिली नोंद मसावाची, म्हणजे पाल मूळची मसावाची, आणि हिंदुस्थानात ती घुसखोर. पण शास्त्रज्ञ असं म्हणत नाहीत. ते सांगतात की ही पाल अरबस्तानापासून हिंदुस्थानापर्यंतच्या पट्ट्यातली आहे, आणि माणसाच्या सामानातून, गलबतांतून ती बंदराबंदरांत पोचली. दुसरी एक घरपाल तर आशियातून जहाजांत बसून ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेली. तिकडे तिला बाहेरची म्हणतात.

अशा कितीतरी पालींबद्दल जगभर वाद चालू आहेत. ही इथली की आणलेली? इथली असेल तर जपायची, आणलेली असेल तर सोडून द्यायची. पालीचं जगणं-मरणं त्या एका शब्दावर टांगलेलं असतं.

यातून आम्ही जे शिकलो ते साधं आहे. पहिल्यांदा कुणी कुठे लिहिलं, यावरून लिहिणारा कुठे पोचला होता एवढंच कळतं. राहणारा कुठे राहत होता ते कळत नाही. जिथे बंदर होतं, साहेब होता, वही होती, तिथली नोंद झाली. जिथे रान होतं तिथली राहून गेली. हे शास्त्रज्ञांना पालीच्या बाबतीत कळतं. ते वही चुकली म्हणतात आणि वही सुधारतात. माणसाच्या बाबतीत मात्र वही बरोबर आणि माणूस चूक!

आमच्या तारखा

आपल्याला आजवर किती तारखा विचारल्या गेल्या, त्या एकदा मांडून बघू.

जमातीचा दाखला काढायला जा. सहा सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आणा. त्या दिवशी अनुसूचित जमातींच्या यादीचा आदेश निघाला, म्हणून ती तारीख. आमच्या पाड्यात १९५० साली शाळा नव्हती. शाळा नाही तर शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? सातबारा म्हणाल तर जमीन आम्ही कसत होतो, पण कागद दुसऱ्याचा होता. १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहायला लागली. तीन हजार एकरांवर रान, माळ, शेतं, पाडे सगळं एका सरकारी खात्याच्या नावावर गेलं. त्या दिवसापासून आम्ही आमच्याच अंगणात पाहुणे.

झोपडीचा हक्क मागायला गेलो तेव्हा विचारायचे, एक जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव आहे का? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सात मे १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने अतिक्रमणं काढायला सुरुवात झाली, तेव्हा हीच तारीख लावली. बिल्डरच्या दलालाकडून झोपडी विकत घेतलेला बिचारा कामगार आणि पिढ्यान्‌पिढ्या रानात राहिलेला वारली एकाच चाळणीत घातले. आम्ही त्या कामगाराला दोष देत नाही, त्याचं पोट त्याला तिथे घेऊन आलं. पण वाघोबाचं ठाणं ज्याच्या आज्याने मांडलं, त्याला मतदार यादी दाखव म्हणायचं, हा कुठला न्याय?

वनहक्काचा दावा करायला जा. तेरा डिसेंबर २००५ च्या आधीपासून कब्जा दाखवा. या तारखेबद्दल आमची तक्रार कमी आहे, कारण हा कायदा लढून मिळवलेला आहे आणि त्यात म्हाताऱ्या माणसाच्या तोंडच्या शब्दालाही पुरावा मानलंय. त्यावर पुढे लिहितो.

तीन कचेऱ्या, तीन तारखा, आणि माणूस तोच. पालीला निदान एकदा ठरलं की ठरलं. आम्हाला दर खिडकीवर नव्याने जन्म घ्यावा लागतो.

आणि शब्द बघा. वन्यजीव कायदा १९७२ चा. त्यात प्राण्यांच्या याद्या आहेत. त्या याद्यांना काय म्हणतात? अनुसूची. पूर्व घाटातली सोनेरी पाल पहिल्या अनुसूचीत घातली होती. आणि आपल्याला काय म्हणतात? अनुसूचित जमाती. शब्द एकच. वन्यजीव कायद्याच्या याद्या २०२२ च्या दुरुस्तीत नव्याने मांडल्या, सहाच्या चार केल्या. आपली यादीही वेळोवेळी खालीवर होते. पालीने अर्ज केला नव्हता आणि आपणही नाही. यादी करणारा नेहमी तिसराच असतो, आणि तो वांद्र्याच्या, मंत्रालयाच्या नाहीतर दिल्लीच्या खुर्चीत बसलेला असतो.

जंगल नाही, जंगल आहे

आता खरी गोष्ट. यादी कुणाच्या कामाला येते?

मेट्रो तीनच्या कारशेडसाठी आरेतली तेहेतीस हेक्टर जागा घ्यायची होती. तेव्हा सरकारी बाजू काय होती? आरे हे जंगल नाहीच, ती दूध वसाहतीची जागा आहे. मग बिबट्या कुठून आला? दूध प्यायला? भुईपाल, विंचू, शेकडो झाडं, ही काय वसाहतीने पाळली होती? चार ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने सात तारखेला थांबा म्हटलं, तोवर २१४१ झाडं पडली होती. रात्री आडव्या आलेल्या पोरापोरींना पोलिसांनी पकडून नेलं. त्याच्या आधी, २०१७ साली, प्रजापूरपाड्यातल्या माणसांची घरं कारशेडसाठी गेली. ती माणसं कुडाच्या घरातून, वाडीतून उठून इमारतीत गेली. भेंडी लावायची कुठे, कोंबडी सोडायची कुठे, देव कुठल्या मजल्यावर बसवायचा?

त्या भुईपालीला भिंत चढता येत नाही असं वर लिहिलंय. ती भिंत न चढणारी पाल आणि सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलेली आपली म्हातारी, यांचं दुःख एकच. भुई काढून घेतली की दोघींचाही जीव जातो. एकीचा लगेच, दुसरीचा हळूहळू.

मग २०२० साल आलं. सरकार बदललं होतं. आता जाहीर झालं की आरेतली ८१२ एकर जागा राखीव वन करणार. आम्हाला आनंद झाला, खोटं का बोला. आदिवासींचे हक्क अबाधित राखू असंही त्या घोषणेत होतं. पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कारण राखीव वन या शब्दाचा चटका आपल्या आज्या-पणज्यांनी खाल्लेला आहे. इंग्रजाने १८७८ च्या आणि १९२७ च्या कायद्याने जंगल राखीव केलं तेव्हा लाकूड सरकारचं झालं आणि मोळी चोरीची झाली. ज्या दिवशी रान राखीव होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी रानातला माणूस अतिक्रमण होतो.

म्हणजे बघा कशी गंमत. झाडं तोडायची तेव्हा हे जंगल नाही, म्हणून वनहक्क लागू नाही. झाडं राखायची तेव्हा हे जंगल आहे, म्हणून तुम्ही बाहेर व्हा. छापा पडला तरी आम्ही हरलो, काटा पडला तरी आम्हीच.

त्या मेट्रोचा पहिला टप्पा पाच ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला. एक टोक आरे, दुसरं वांद्रे-कुर्ला संकुल. आम्ही आता वांद्र्याला लवकर पोचतो. कचेरीतल्या बाकड्यावर मात्र तितकाच वेळ बसतो.

दोन चुकीच्या वाटा

या सगळ्यातून आपल्या माणसांत दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत, आणि ती चुकीची आहेत हे सांगायलाच आम्ही लिहायला बसलो.

पहिलं बोलणं आपल्यातलंच. “त्यांना बिबट्याची काळजी, पालीची काळजी, माणसाची नाय. मरो ती पाल!” राग खरा आहे, आम्हालाही येतो. पण राग पत्ता चुकला. आपल्याला नोटीस पालीने पाठवली नाही. प्रजापूरपाडा बिबट्याने उठवला नाही. फिल्मसिटी, गोदामं, कारशेड, रस्ते यांपैकी एकही गोष्ट पालीने मागितलेली नाही. उलट जिथे जिथे भुईपाल शिल्लक आहे, तिथे दगड जागेवर आहे, पाचोळा जागेवर आहे, म्हणजे रान जागेवर आहे. आणि रान जागेवर आहे ते कुणी राखलं म्हणून? ज्या जागा बांधकामांना दिल्या तिथे काय उरलं ते जाऊन बघा. जिथे पाडा आहे, शेत आहे, देवाचं ठाणं आहे, तिथे काय उरलं तेही बघा. पाल आपली साक्षीदार आहे. साक्षीदाराला कुणी मारतं का?

दुसरं बोलणं शहरातल्या काही चांगल्या माणसांचं. ती माणसं २०१९ ला आपल्या खांद्याला खांदा लावून उभी होती, हे आम्ही विसरत नाही. पण त्यांच्यातले काही म्हणतात, “रान वाचवायचं तर सगळ्यांनाच हलवावं लागेल. आदिवासींना चांगली घरं द्या, पण बाहेर द्या.” त्यांना आमचा प्रश्न आहे. भाऊ, ज्या यादीत भुईपाल घालायची तुम्ही मागणी करता, तिला रात्रीच्या पावसात, टॉर्चच्या उजेडात शोधून द्यायला तुमच्याबरोबर कोण येतं? आमचीच पोरं ना? कुठल्या ओहळाच्या कुठल्या बाजूला, कुठल्या दगडाखाली ते त्यांना कसं माहीत? तुम्ही जातीचं नाव लिहिता, शोधणाऱ्याचं लिहीत नाही. लिहिणारा अभ्यासक आणि दाखवणारा वाटाड्या! आणि मग तोच वाटाड्या तुमच्या नकाशात अतिक्रमण म्हणून रंगवला जातो. पाल मूळची आणि पाल दाखवणारा उपरा, असं एका कागदावर बसतं का?

आपलाही हिशेब आपण मांडला पाहिजे. नुसतं आम्ही निसर्गपूजक म्हणून चालणार नाही. आपल्याकडेही पाल दिसली की झाडू उचलतात. अंगावर पडली तर अपशकून, अन्नात पडली तर विष, असं आपण धरून बसलोय. पाल विषारी नसते. आपल्याकडची कुठलीच पाल विषारी नसते. ती डास, झुरळं, किडे खाते. होळीच्या आसपास माळाला आगी लागतात, काही आपल्याच विड्यांनी लागतात, आणि पाचोळ्यातला सगळा जीव जळतो. रात्री टेम्पो भरून डेब्रिज आणून ओढ्यात ओतणाऱ्याकडून आपल्यातलेच एखाद-दोघे पाचशे रुपये घेऊन गप्प बसतात. हेही छापलं पाहिजे. आणि एक सावधगिरी, मोठ्या पालीला लाखो रुपये मिळतात अशी अफवा कधी कधी मोबाईलवर फिरते. ती टोके नावाची पूर्वेकडची पाल. तिच्या व्यापारावर २०१९ पासून जगभरच्या कराराने बंधन आलंय. त्या नादाने कुणी पोरगा पाली धरायला गेला तर पैसे दलालाला आणि तुरुंग आपल्याला.

कायदा काय म्हणतो

कागदाची लढाई कागदाने लढावी लागते. म्हणून हे नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात गाव म्हणजे नुसतं महसुली गाव नाही. वनगावं, जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावं, नोंद असो वा नसो, ही सगळी गाव या व्याख्येत येतात. म्हणून मुंबईत ग्रामपंचायत नाही एवढ्यावरून पाड्याची ग्रामसभा नाही असं कुणी म्हणू नये.

कलम ४ पोटकलम ५ सांगतं, हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासीला उठवता येणार नाही. वन्यजीवांसाठी एखादी जागा माणसांपासून मोकळी करायची असेल, तर आधी हक्क मान्य झाले पाहिजेत, सहजीवन शक्य नाही हे सिद्ध झालं पाहिजे आणि ग्रामसभेची मोकळी, सगळं समजून दिलेली लेखी संमती पाहिजे. नुसतं पालीचं नाव यादीत आलं म्हणून कुणी तुम्हाला उठा म्हणू शकत नाही. या कायद्यात पाल आणि माणूस यांचं भांडण लावलेलंच नाही. भांडण लावतात ते कायदा न वाचणारे.

कलम ५ ग्रामसभेला आणि हक्कधारकांना वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखायचा अधिकार देतं. म्हणजे आपण रक्षणकर्ते आहोत, हे मेहरबानीने नाही तर कायद्याने.

पुराव्याचं म्हणाल तर, नियमांत लिहिलंय की म्हाताऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाब, जुनी घरं, विहिरी, दफनाच्या जागा, देवांची ठाणी, वंशावळ हे पुरावे आहेत. दावा करणारा स्वतः सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा जबाब घ्यायचा, आणि एकाहून जास्त पुरावे जोडायचे. २०१२ च्या दुरुस्तीने हेही सांगितलं की अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरायचा नाही. वांद्र्याच्या कचेरीत आमच्या म्हाताऱ्याचं ऐकून हसले. तो दावा वनहक्काचा असता तर ते हसणं बेकायदा होतं. तो बोलत होता तोच पुरावा होता.

आणि जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यात लोकांची जैवविविधता नोंदवही करायची तरतूद आहे. आपल्या भागातली झाडं, जनावरं, किडे, औषधी आणि त्याबद्दलचं आपलं ज्ञान त्यात लोकांशी बोलून लिहायचं. ही वही बहुतेक ठिकाणी ठेकेदार नाहीतर बाहेरची संस्था भरून टाकते आणि लोकांना पत्ताही नसतो. ती आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या तोंडून भरली गेली पाहिजे.

म्हणून आपण काय करायचं?

एक. प्रत्येक पाड्याने या पावसाळ्यात आपली वही सुरू करायची. बारावीपर्यंत शिकलेली पोरं-पोरी प्रत्येक पाड्यात दोन-चार आहेतच. त्यांनी लिहायचं, म्हाताऱ्यांनी सांगायचं. कुठला प्राणी, कुठे दिसतो, कुठल्या महिन्यात, आपण त्याला काय म्हणतो. भुईपाल दिसली तर तारीख आणि जागा लिहायची, पकडायची नाही. सांगणाऱ्याचं नाव वहीत पहिलं, लिहिणाऱ्याचं नंतर.

दोन. त्याच वहीत दुसऱ्या बाजूने आपला इतिहास लिहायचा. वाघोबाचं ठाणं कुणी मांडलं, विहीर कुणी खणली, कुणाचे पुरलेले पूर्वज कुठे आहेत, तबेले यायच्या आधी काय होतं. साठीच्या वरच्या प्रत्येक माणसाचा जबाब, दोन साक्षीदारांच्या अंगठ्यांसह. म्हातारी माणसं एक एक करून जातायत. त्यांच्याबरोबर आपला १९५० चा पुरावा जातोय. हे काम भातलावणीनंतर नको, आत्ताच.

तीन. दाव्याच्या प्रत्येक कागदाची पोच घ्यायची. तोंडी नकार घ्यायचा नाही. नाकारलं तर लेखी कारण मागायचं, आणि साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जायचं.

चार. अभ्यासाला येणाऱ्या शहरातल्या माणसांना आडवायचं नाही. पण ग्रामसभेला सांगून यायला लावायचं. जे सापडेल त्याची एक प्रत पाड्याला, आणि मराठीत.

पाच. आग आणि डेब्रिज यांवर पाड्याची गस्त. यात लाज कसली? आपलं घर आपण राखणार नाही तर कोण?

शेवटी पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे येतो. परत आल्यावर संध्याकाळी तो अंगणात बसला होता. आम्ही म्हटलं, बाबा, साहेब पुरावा अपुरा म्हणतात. त्याने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग पायाजवळचा दगड काठीने जरा हलवला. खाली ती भुईपाल होती, पाचोळ्याच्या रंगाची. ती जरा थांबली आणि दुसऱ्या दगडाखाली गेली. म्हातारा बोलला, “हिला पण इचारा मंग, मूळची कुठली.” आणि दगड त्याने होता तसा परत ठेवला.

दगड परत ठेवायची अक्कल ज्याच्याकडे आहे तो इथला. दगड उचलून नेणाऱ्याने आम्हाला गाव विचारू नये.

पालीचा कागद दुरुस्त व्हायला दीडशे वर्षं लागली. तेवढी वाट आम्ही बघणार नाही. पुढच्या वेळी वांद्र्याला पाच-सहा जण जाणार नाही, सगळे पाडे जाणार. हातात वह्या घेऊन जाणार.

जल, जंगल, जमीन, कुणाच्या बापाची नाय, आमच्या हक्काची हाय!

जोहार!